झाडांचा शजरा
(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



वार्षिक समारंभात शिक्षकाने बोलावयाचे म्हणजे शिस्त, अभ्यास आणि निकाल यांवर बोलावे, अशी प्रथा आहे. मी आज झाडांवर बोलणार आहे. मी काही शास्त्राचा शिक्षक नाही. बी. ए., बी. एड. झालेला, भाषा शिकविणारा माणूस आहे. तेव्हा "हा गृहस्थ डी. एन. ए. विषयी काय सांगणार?" असे कोणाच्या मनात आले असल्यास त्यात गैर काही नाही. परंतु हा विषय माझ्या घरात शिरला तो पुस्तकातून नव्हे, तर आमच्या बागेतून. म्हणून आधी ती हकीकत सांगतो.

२००४ सालच्या पावसाळ्यात माझ्या वडिलांनी हापूसची वीस कलमे आणून लावली. मी तेव्हा नववीत होतो. उन्हाळ्यात शाळा सुटल्यावर विहिरीवरून घागरी भरून त्या कलमांना पाणी घालणे हे माझे आणि माझ्या बहिणीचे काम. सहा-सात वर्षे अशी गेली. झाडांना फळ धरले तेव्हा वीसपैकी आठ झाडांचा आंबा हापूस नव्हताच. फळ लहान, रेषाळ आणि आंबट. काडी घेताना चुकीच्या झाडाची घेतली गेली की वरची काडी मरून खालचा रायवळ खुंटच वाढला, ते कळावयास मार्ग नव्हता. जिथून कलमे आणली होती तिथे जाऊन वडील विचारून आले. तिथे कोणी काही कबूल केले नाही. वडिलांनी ती झाडे खालून छाटून त्यांवर पुन्हा हापूसच्या काड्या बांधल्या. त्यात आणखी चार वर्षे गेली. एकच झाड आईने छाटू दिले नाही. "हे लोणच्याला चांगले आहे, हे राहू द्या," असे ती म्हणाली. त्या झाडाकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

माझा प्रश्न तेव्हापासूनचा आहे. मूल शाळेत आले की महिन्या-दोन महिन्यांत त्याचा कल शिक्षकाला थोडाफार कळतो. मग झाडाचा कल कळण्यास दहा वर्षे का थांबावे? रोपाचे पान पाहून त्याचे फळ सांगता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर आज बऱ्याच अंशी "होय" असे आहे. ते कसे, हे तुम्हांला सांगावे एवढाच माझा हेतू.

आपल्या घरात वंशावळीला 'शजरा' म्हणतात. अरबी भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ 'झाड' असा आहे. माणसांच्या वंशाला आपण झाडाचे नाव दिले, पण झाडांच्या वंशाची चौकशी मात्र फारशी केली नाही. तरीही फळझाडांना आई आणि बाप असतात, हे ज्ञान अतिशय जुने आहे. खजुरीत नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. नराचा फुलोरा मादीच्या फुलोऱ्यावर झाडण्याची रीत अरबस्तानात आणि इराकात हजारो वर्षांची आहे. हजरत पैगंबर मुहम्मद (स.) मदिनेत आले तेव्हा तेथील लोक असे करताना त्यांनी पाहिले, आणि हे नाही केले तरी चालेल असे मत व्यक्त केले. लोकांनी ते थांबविले. त्या वर्षी पीक कमी आले. तेव्हा शेतीसारख्या दुनियेच्या व्यवहारात तुमचा तुम्हांला अनुभव अधिक आहे, अशा अर्थाचे त्यांनी सांगितल्याचे हदीसमध्ये आले आहे. अनुभवाने आणि प्रयोगाने मिळालेल्या ज्ञानाला आपल्या दीनात किती मान आहे, हे या प्रसंगावरून कळावे.

आता आंब्याकडे या. हापूसची कोय रुजत घातली तर हापूस उगवत नाही, हे कोकणातल्या लहान मुलासही ठाऊक आहे. असे का होते? कोयीत निम्मा वाटा आईचा आणि निम्मा बापाचा असतो. बाप कोण, ते माशीला ठाऊक. कारण मोहोरावर कोठून पराग आणला ते तिने कोणाला सांगितलेले नसते. म्हणून आपण कलम करतो. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात आंब्यावर कलमाची विद्या रुजली आणि हापूससारख्या जाती स्थिर झाल्या. कलम म्हणजे नवे अपत्य नव्हे. त्याच झाडाची ती फांदी होय. आज रत्नागिरीपासून देवगडपर्यंत उभ्या असलेल्या हापूसच्या बागा म्हणजे एका अर्थी एकाच झाडाच्या पसरलेल्या फांद्या आहेत. म्हणून त्यांचे गुण सारखे आणि त्यांचे दोषही सारखे. चव अप्रतिम, पण फळात साका होतो. एक वर्ष आंबा भरपूर, तर दुसऱ्या वर्षी झाड रिकामे. कलम कितीही बांधली तरी हे दोष तिच्याबरोबर येतातच. दोष घालवावयाचा असेल तर नवा वंश निर्माण केला पाहिजे. म्हणजे पुन्हा आई-बाप आणि कोय आलीच.

हे काम आपल्या कोकणातच झाले, याचा मला अभिमान वाटतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात दक्षिणेकडील 'नीलम' आणि आपला 'हापूस' यांचा संकर करण्यात आला. नीलम दरवर्षी फळतो, हापूसला चव आहे. दोहोंचे गुण एकत्र यावेत हा उद्देश. त्यातून १९८१ साली 'रत्ना' ही जात प्रसारित झाली. तिच्यात साका होत नाही आणि ती दरवर्षी फळ देते. पुढे रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ साली 'सिंधू' ही जात आली. तिची कोय अगदी पातळ असते.

हे दोन ओळींत सांगून झाले, पण करावयास किती वर्षे लागली असतील याचा विचार करा. आंब्याच्या एका तुऱ्यावर शेकडो, कधी हजारो फुले असतात. त्यांतली बहुतेक नर. जी द्विलिंगी असतात त्यांतूनही शेवटपर्यंत टिकणारे फळ एखाददुसरेच. एकेका बारीक फुलाला हाताने पराग लावावयाचा, तुऱ्याला पिशवी बांधावयाची, आणि शंभर फुलांमागे एखादे फळ हाती आले तर अल्लाचे आभार मानावयाचे. मग त्या फळाची कोय लावावयाची आणि पुढे काही वर्षे वाट पाहावयाची. दहा मीटर अंतराने आंबा लावला तर एका हेक्टरात शंभर झाडे बसतात. म्हणजे हजार रोपे तपासावयाची असतील तर दहा हेक्टर जमीन, तिचे पाणी, तिची मजुरी. आणि एवढे करून हजारांतली नऊशे नव्वद झाडे तोडावयाचीच. झाडांची पैदास करणाऱ्याच्या आयुष्यात असे दोन किंवा तीनच डाव येतात.

येथे जनुकशास्त्र मदतीस येते. ग्रेगोर मेंडेल या पाद्र्याने आपल्या मठाच्या बागेत वाटाण्याची झाडे मोजून १८६६ साली दाखविले की, गुण हे पाण्यात साखर मिसळावी तसे मिसळून जात नाहीत. ते सुट्या दाण्यांसारखे पिढीतून पिढीत जातात. एखाद्या पिढीत लपतात आणि पुढच्या पिढीत पुन्हा प्रकट होतात. या दाण्यांनाच आपण जनुके म्हणतो. ती ज्या द्रव्याची बनलेली असतात त्या डी. एन. ए.ची रचना १९५३ साली वॉटसन आणि क्रिक यांनी मांडली. रोझालिंड फ्रँकलिन या विदुषीच्या संशोधनातून मिळालेल्या क्ष-किरण छायाचित्राचा त्यात मोठा आधार होता.

भाषेच्या शिक्षकाला डी. एन. ए. समजावयास सोपा आहे. ही चार अक्षरांची लिपी आहे. चारच अक्षरे, पण मजकूर कोट्यवधी अक्षरांचा. हापूसचा हा संपूर्ण मजकूर शास्त्रज्ञांनी वाचून २०२० साली प्रसिद्ध केला. तो सुमारे चाळीस कोटी अक्षरांचा असून त्यात सुमारे एकेचाळीस हजार जनुके आहेत. आंब्याच्या प्रत्येक पेशीत या मजकुराच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. आणि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, हा मजकूर फळात जेवढा असतो तेवढाच कोवळ्या पानातही असतो. फळ यावयास सात वर्षे लागतात, पण त्याचा आराखडा पहिल्या पानातच लिहिलेला असतो. आपल्याला तो वाचता येत नव्हता, एवढेच.

वाचण्याची रीत अशी. रोपाचे एक पान घेऊन वाटावयाचे आणि त्यातून डी. एन. ए. वेगळा काढावयाचा. चाळीस कोटी अक्षरे दर वेळी वाचावी लागत नाहीत. ज्या गुणाचा शोध घ्यावयाचा त्याच्या शेजारची एखादी ठरावीक खूण तेवढी पाहतात. शास्त्रज्ञ तिला 'मार्कर' म्हणतात. शाळेच्या वाचनालयात पुस्तकाच्या पाठीवर चिठ्ठी लावतो, तशीच ही चिठ्ठी समजा. पुस्तक न उघडता आत काय आहे ते कळते. ती खूण फार सूक्ष्म असते, म्हणून तिच्या नकला काढाव्या लागतात. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. ही युक्ती कॅरी मुलिस यांनी १९८३ साली शोधली. विद्यार्थ्यांनी घरी हिशेब करून पाहावा: तीस वेळा दुप्पट केली की एका खुणेच्या शंभर कोटींहून अधिक नकला होतात. यंत्रात हे काम काही तासांत उरकते.

याचा उपयोग कसा झाला ते सफरचंदाच्या उदाहरणाने सांगतो, कारण फळझाडांत या विद्येची वाटचाल सफरचंदात पुष्कळ पुढे गेली आहे. सफरचंदावर 'स्कॅब' नावाचा खपलीचा रोग पडतो. १९७३ साली काश्मीरच्या बागा या रोगाने उद्ध्वस्त झाल्या होत्या. या रोगाला दाद न देणारे एक लहान फळाचे, शोभेचे रानटी सफरचंद अमेरिकेत होते. त्याचा संकर १९१४ साली इलिनॉय येथे झाला. त्याची फळे बोराएवढी. मोठ्या फळाच्या जातीशी पिढ्यान् पिढ्या संकर करीत करीत 'प्रायमा' ही पहिली रोगप्रतिकारक जात बाजारात यावयास १९७० साल उजाडले. छप्पन्न वर्षे! संकर सुरू करणारा माणूस ते फळ पाहावयास राहिला नाही. काश्मीरमधील कृषी विद्यापीठानेही पुढे 'फिरदौस' आणि 'शिरीन' या रोगाला तोंड देणाऱ्या जाती दिल्या.

पण रोगही गप्प बसत नाही. युरोपात त्या बुरशीचे असे वाण निघाले की, त्या एका जनुकाला ते जुमानीनासे झाले. एका कुलपाची किल्ली चोराला सापडली, तर दाराला दोन कुलपे लावावीत, हा उपाय. म्हणजे दोन वेगवेगळी रोधक जनुके एकाच झाडात आणावयाची. अडचण ही की, एक कुलूप असलेले रोप आणि दोन कुलपे असलेले रोप डोळ्यांना सारखेच दिसते, दोन्ही निरोगी. येथे डोळा हरतो आणि डी. एन. ए.ची तपासणी जिंकते. जनुकाची एकच प्रत आई किंवा बाप यांच्यापैकी एकाकडेच असेल, तर निम्म्या अपत्यांत ती उतरते. अशी दोन वेगवेगळी जनुके एकत्र हवी असतील तर चौथ्या हिश्श्यात. हजार रोपांची पाने तपासली की अडीचशे रोपे निवडावयाची आणि साडेसातशे पहिल्याच वर्षी बाजूला काढावयाची. दहा हेक्टरांचे काम अडीच हेक्टरांत झाले. माणसाच्या आयुष्यातले डाव तेवढेच, पण प्रत्येक डाव अधिक जपून खेळता येतो.

खजुरीतही असेच. कोयीपासून वाढविलेली निम्मी झाडे नर निघतात, आणि ते कळण्यासाठी फुलोरा येईपर्यंत काही वर्षे थांबावे लागते. आता कोवळ्या पानावरून नर-मादी ओळखता येते. खजुरीच्या डी. एन. ए.चे महत्त्वाचे काम कतारमधील संशोधकांनी केले आणि २०११ साली ते प्रसिद्ध झाले. आपले कितीतरी बांधव आखातात नोकरीला आहेत. ज्या देशांत आपण हातांचे काम देण्यासाठी जातो, तेथे डोक्याचेही असे काम चालते, हे आपल्या मुलांनी ध्यानात घ्यावे.

आणि शजऱ्याचा प्रश्न? त्याचीही गोष्ट आहे. अमेरिकेत 'हनीक्रिस्प' नावाचे फार लोकप्रिय सफरचंद आहे. १९६० साली त्याचा संकर झाला आणि १९९१ साली ते प्रसारित झाले. दप्तरात त्याच्या आई-बापांची नावे स्पष्ट लिहिलेली होती. पुढे डी. एन. ए. तपासला तेव्हा त्या दोन्ही नावांपैकी एकही खरे निघाले नाही! एक पालक लवकरच सापडला. दुसरा २०१७ साली सापडला. ते बाजारात कधीही न आलेले, केवळ क्रमांकाने ओळखले जाणारे झाड होते. विद्यापीठाच्या दप्तरात चूक होऊ शकते, तर कलमे विकणाऱ्याकडे होणार नाही काय? माझ्या वडिलांच्या आठ कलमांची पाने तेव्हा कोणी अशी तपासली असती, तर आमची दहा वर्षे वाचली असती. ज्या मातृवृक्षांवरून काड्या घेतात, त्यांची अशी तपासणी करून खात्री देण्याची रीत पडली पाहिजे, आणि पालकहो, ती मागणी आपण बागायतदारांनीच केली पाहिजे.

आता या विद्येच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाही तर मी तुमची फसवणूक केल्यासारखे होईल. पहिली गोष्ट, रोग किंवा नर-मादी असे गुण एखाद्-दुसऱ्या जनुकावर अवलंबून असतात, म्हणून ते पकडावयास सोपे. चव, वास आणि उत्पन्न हे गुण अनेक जनुकांच्या मिळून झालेल्या कामाने ठरतात. तेथे एका चिठ्ठीने भागत नाही. हापूसमधील साक्याविषयी बंगळूरच्या संशोधकांनी दाखविले आहे की, फळ झाडावर असतानाच आतली कोय रुजण्याच्या तयारीस लागते आणि त्याचा परिणाम गरावर होतो. अशा गुणाच्या मुळाशी जाणे हे चिकाटीचे काम आहे. दुसरी गोष्ट, तपासणीने फक्त नापास होणारे लवकर कळतात. उरलेल्यांना फळ येईपर्यंत वाढवावेच लागते आणि फळ चाखावेच लागते. आपल्या शाळेतही चाचणी परीक्षेने वार्षिक परीक्षा टळत नाही.

तिसरी गोष्ट, डी. एन. ए. वंश सांगतो, गाव सांगत नाही. रत्नागिरीचा हापूस आणि कर्नाटकात लावलेले हापूसचे कलम यांचा वंश एकच. आपल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते माती, हवा आणि माणसाची मेहनत यांसाठी. माणसाचेही असेच आहे. खानदान मोठे असून भागत नाही. माती आणि मशागत हवीच. आणि चौथी गोष्ट, पुष्कळांना वाटते की हे सारे बाहेरचे जनुक झाडात घालण्याचे प्रकरण आहे. ते तंत्र वेगळे. मी सांगितली ती केवळ निवडीची विद्या आहे. संकर तोच, जो माशी करते. फक्त निवड डोळसपणे केली जाते.

मित्रहो, आता आईने राखलेल्या त्या झाडाकडे येतो. ते आज आमच्या परसात उभे आहे. ते कोणाचे अपत्य आहे हे आम्हांला ठाऊक नाही, पण दरवर्षी ते न चुकता लागते आणि त्याच्या आंब्यात आम्हांला कधी साका दिसला नाही. पेटीत भरून विकावे असे त्याचे फळ नाही. परंतु नवी जात घडविताना शास्त्रज्ञ ज्या गुणांच्या शोधात असतात, ते अशाच झाडांत लपलेले असू शकतात. ते रानटी सफरचंद बोराएवढ्या फळाचे म्हणून कोणी तोडले असते तर? कोकणात कोयीपासून उगवलेले प्रत्येक रायवळ झाड वेगळे आहे, दुसरे तसे जगात नाही. आपण ती पेट्यांच्या फळ्यांसाठी आणि जळणासाठी तोडीत आहोत. जो मजकूर वाचावयास आपण नुकतेच शिकलो, त्याची पानेच आपण चुलीत घालीत आहोत. म्हणून पालकांना माझी विनंती आहे की, गावातले एखादे जुने, दरवर्षी लागणारे, उशिरा किंवा लवकर पिकणारे रायवळ झाड तोडण्यापूर्वी निदान त्याच्या काड्या एका खुंटावर बांधून ठेवा.

आणि विद्यार्थ्यांना, विशेषतः आमच्या मुलींना, एक सांगणे आहे. गुण कमी पडले म्हणून शेतीकडे जावे, ही समजूत सोडून द्या. दापोलीचे कृषी विद्यापीठ आपल्या दारात आहे. उद्यानविद्या, वनस्पतिशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान यांत अशा माणसांची गरज आहे, ज्यांना प्रयोगशाळेतले यंत्रही कळते आणि मोहोराचा वासही कळतो. दुसरे तुम्ही लहानपणापासून शिकला आहात. पहिले शिकावयास चार-सहा वर्षे पुरतात. दोन्ही जाणणारी माणसे शहरात मिळत नाहीत. ती येथे, या मांडवात बसलेली आहेत.

पालकहो, झाड लावणे हे आपल्याकडे सदका-ए-जारिया मानले गेले आहे. लावणारा गेला तरी त्याचा लाभ चालू राहतो. मुलाला शिकविणे हेही तसेच. दोहोंचे फळ उशिरा येते आणि पुष्कळदा ते दुसऱ्याच्या हाती पडते. माझ्या वडिलांनी खोट्या निघालेल्या झाडांवरही पुन्हा काड्या बांधल्या, हार मानली नाही. तुमचे मूल एखाद्या परीक्षेत मागे पडले, तर त्याला तोडू नका. पुन्हा काडी बांधा, पाणी घाला, आणि वाट पाहा.